बंदुकीवरील अक्षरे : कॅनडाचा ‘सी’ आणि हिंदुस्थानचा ‘आय’

१/ सोलापूरच्या महाविद्यालयांतून एन.सी.सी.च्या कवायतीला उभ्या राहिलेल्या कित्येक पिढ्यांनी लाकडी दस्त्याची एक जड रायफल खांद्यावर पेललेली आहे. तिच्या अंगावर ‘डी. पी.’ ही दोन अक्षरे ठोकलेली असतात. ‘ड्रिल पर्पज’, म्हणजे केवळ कवायतीसाठी. गोळी झाडण्यास अयोग्य. पण त्याच पोलादावर मुकुट, बाण, तारका, साल आणि क्रमांक अशा इतरही खुणा असतात. त्या खुणा कशा वाचायच्या आणि त्यांतून ब्रिटिश साम्राज्यातील कॅनडा व हिंदुस्थान या दोन देशांचे कोणते वेगळेपण उलगडते, याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम रायफलीची ओळख. ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने घरोघरी ठाऊक असलेली ही ली-एन्फिल्ड. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. ‘ली’ म्हणजे बोल्टची रचना करणारा जेम्स पॅरिस ली. जन्माने तो स्कॉटलंडचा, पण वाढला कॅनडात. ‘एन्फिल्ड’ म्हणजे लंडनच्या उत्तरेकडील सरकारी शस्त्र कारखाना. १८९५ पासून हे घराणे चालत आले, दोन महायुद्धे लढले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातीही हीच रायफल होती.

३/ खुणा कोठे शोधाव्यात? पहिल्या महायुद्धाच्या काळातील रायफलीत उजव्या बाजूला, बोल्टची मूठ जेथे खाली येऊन टेकते तेथे, दस्ता आणि यंत्रणा यांना जोडणारा पोलादी भाग असतो. त्यावर वरून खाली ओळी कोरलेल्या दिसतात. सर्वांत वर मुकुट. त्याखाली राज्यकर्त्याची आद्याक्षरे : व्हिक्टोरियाची ‘व्ही. आर.’, एडवर्डची ‘ई. आर.’, जॉर्जची ‘जी. आर.’. मग कारखान्याचे नाव, मग साल, मग नमुन्याचा क्रमांक. ताम्रपटात जसा आधी राजाचा उल्लेख, मग काळ आणि मग मजकूर, तसाच हा क्रम.

४/ नमुन्याच्या क्रमांकाशेजारी पुष्कळदा एक तारका दिसते. ती शोभेची नाही. मूळ नमुन्यात काही बदल केला की ही तारका जोडली जाई. १९१६ मध्ये ‘मार्क ३’ चा ‘मार्क ३ तारका’ झाला. दूरवर एकत्रित गोळीबार करण्यासाठी लावलेली जादा निशाणी आणि मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी वगळण्यात आली. खंदकांच्या युद्धात त्यांचा उपयोग उरला नव्हता आणि त्या बनवण्यात वेळ जात होता. अशा वेळी ती तारका युद्धाच्या घाईची नोंद ठरते.

५/ आता सर्वांत महत्त्वाची खूण : बाण. तीन लहान रेघा वर एका बिंदूत मिळतात, एवढेच त्याचे रूप. ‘ही वस्तू सरकारच्या मालकीची आहे’ असा त्याचा अर्थ. तोफा, दोरखंड, पिंपे, कैद्यांचे कपडे अशा नाना वस्तूंवर तो उमटलेला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने कायदाच केला की अशी खूण असलेला माल परवानगीवाचून जवळ बाळगणे हा गुन्हा. कारागिराचा छाप ‘कोणी बनवले’ ते सांगतो. बाण ‘कोणाचे आहे’ ते सांगतो. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ न देणे ही अशा खुणा वाचण्याची पहिली पायरी.

६/ साम्राज्य जगभर पसरले तसे या बाणाला स्थानिक अक्षरे चिकटली. ऑस्ट्रेलियात दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये बाण. दक्षिण आफ्रिकेत ‘यू’ अक्षराच्या आत बाण. कॅनडात मोठ्या ‘सी’ अक्षराच्या कुशीत बाण. हिंदुस्थानात बाण आणि त्याखाली ‘आय’. बाण एकच, अक्षरावरून कळते की शस्त्र कोणत्या सरकारच्या खात्यावर आहे. वरवर पाहता कॅनडाचा ‘सी’ आणि हिंदुस्थानचा ‘आय’ एकाच रांगेतले वाटतात. त्यांमागील अधिकार मात्र सारखे नव्हते.

७/ कॅनडापासून सुरुवात करू. बोअर युद्धाच्या सुमारास कॅनडाला ली-एन्फिल्ड स्वतःकडे बनवायची होती. ब्रिटनकडून त्यासाठी साथ मिळाली नाही. तेव्हा कॅनडाने सर चार्ल्स रॉस याच्याशी करार केला आणि क्वेबेक शहरात स्वतःची रायफल काढली. तिच्या लाकडी दस्त्यावर ‘रॉस रायफल कंपनी, क्वेबेक, कॅनडा’ असा गोल शिक्का आणि ‘सी’मधला बाण दिसतो. साम्राज्यातील एका वसाहतीने मायदेशाच्या नमुन्याऐवजी आपला नमुना निवडला, याची ही साक्ष आहे.

८/ रॉस मैदानी नेमबाजीत अचूक होती; खंदकातील चिखलात आणि ब्रिटिश बनावटीच्या काडतुसांपुढे मात्र तिचा बोल्ट अडकू लागला. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा आघाडीवरील कॅनडाचे सैनिक अडकलेला बोल्ट बुटाच्या टाचेने उघडू पाहत होते. अनेकांनी रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलल्या. त्याच लढाईत २६ एप्रिल रोजी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन प्रतिहल्ल्यासाठी उतरली. तिच्या हाती ली-एन्फिल्डच होती.

९/ १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत आघाडीवरील कॅनडाच्या पायदळाकडून रॉस काढून घेऊन ली-एन्फिल्ड देण्यात आल्या. कॅनडात यावर मोठे राजकीय वादळ उठले. फसलेला निर्णय कॅनडाचा होता, त्याची किंमत कॅनडाच्या सैनिकांनी मोजली आणि त्याचा जाब कॅनडातच विचारला गेला. चुकण्याचा आणि चूक सुधारण्याचा अधिकार त्या ‘सी’ अक्षरात सामावलेला होता. ‘आय’ अक्षराकडे वळल्यावर हा मुद्दा पुन्हा लागेल.

१०/ दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने दुसरा मार्ग धरला. १९४० मध्ये टोरांटोजवळ लाँग ब्रांच येथे ‘स्मॉल आर्म्स लिमिटेड’ हा सरकारी कारखाना उभारला. १९४१ पासून तेथे ली-एन्फिल्डचा नवा नमुना, ‘क्रमांक ४’, तयार होऊ लागला. युद्ध संपेपर्यंत सुमारे नऊ लाख रायफली तेथून बाहेर पडल्या. यंत्रांवर काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते.

११/ लाँग ब्रांच रायफल ओळखणे सोपे आहे. यंत्रणेच्या डाव्या बाजूवर ‘क्र. ४ मार्क १ तारका’, ‘लाँग ब्रांच’ हे पूर्ण नाव आणि साल असते. क्रमांकाच्या मधोमध रोमन लिपीतले ‘एल’ अक्षर येते : आधी एकदोन आकडे, मग ‘एल’, मग पुढचे आकडे. सुट्या भागांवर ‘एल. बी.’ आणि मालकीसाठी ‘सी’मधला बाण. येथील तारकेचा अर्थही घाईच : बोल्ट काढण्यासाठी असलेली कळ वगळून तिच्या जागी खाच ठेवली, म्हणजे बनवायचा एक भाग वाचला.

१२/ शेजारी ब्रिटनमध्ये बनलेली क्रमांक ४ ठेवली की फरक दिसतो. तेथे कारखान्याचे नाव लपवलेले असते. बी. एस. ए. कंपनीच्या रायफलीवर ‘एम ४७ सी’ असा सांकेतिक छाप मिळतो. ‘एम’ म्हणजे मिडलँड्स प्रदेश. जर्मन विमाने डोक्यावर घिरट्या घालत असताना कारखान्याचा ठावठिकाणा शस्त्रावर लिहिणे परवडणारे नव्हते. अटलांटिकपलीकडे ती भीती नव्हती, म्हणून ‘लाँग ब्रांच’ उघडपणे छापले गेले. अमेरिकेत सॅव्हेज कंपनीने हीच रायफल ब्रिटनसाठी बनवली, पण तिच्यावर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का पडला. कारण उधार-पट्टा योजनेत मालकी कागदोपत्री अमेरिकेची होती.

१३/ आता हिंदुस्थान. कोलकात्याजवळ हुगळीकाठी इशापूर येथे जुना दारूगोळ्याचा कारखाना होता. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच जागी रायफल कारखाना उभा राहिला. तेथील रायफलीवर मुकुट, कारखान्याचे पूर्ण नाव आणि साल असते. आद्याक्षरांत मात्र एक अक्षर जादा आढळते. एन्फिल्ड किंवा ऑस्ट्रेलियातील लिथगो येथील रायफलीवर ‘जी. आर.’, तर इशापूरच्या रायफलीवर ‘जी. आर. आय.’. शेवटचा ‘आय’ म्हणजे लॅटिन ‘इंपरेटर’, सम्राट.

१४/ जॉर्ज ब्रिटनचा राजा होता, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचाही राजाच होता. ‘सम्राट’ ही त्याची पदवी हिंदुस्थानापुरती होती. त्यामुळे इशापूरच्या एकाच रायफलीवर दोन निरनिराळे ‘आय’ भेटू शकतात : मुकुटाखाली सम्राटाचा ‘आय’ आणि बाणाखाली इंडियाचा ‘आय’. इंडियाच्या ‘आय’ने सांगितलेले सरकार हिंदी लोकांनी निवडलेले नव्हते. कॅनडाच्या ‘सी’मागे कॅनडाची संसद उभी होती. खुणांचे रूप सारखे असूनही त्यांचे वजन वेगळे होते, ते असे.

१५/ हिंदी माणसाच्या हाती कोणते शस्त्र द्यायचे, हा प्रश्न १८५७ पासून साम्राज्याला छळत होता. त्या वर्षी एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून ठिणगी पडली होती. उठाव मोडल्यानंतर हिंदी शिपायांसाठी खास बंदूक काढली गेली : बाहेरून एन्फिल्डसारखीच, पण नळीच्या आतील नागमोडी खाचा घासून काढलेली. खाचांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती लांबवर नेमकी जाते. खाचा गेल्या की पल्ला आणि नेम दोन्ही गेले. तोफखानाही बहुतांशी गोऱ्यांच्या हाती ठेवण्यात आला.

१६/ पुढील कित्येक दशके एक अलिखित पायरी पाळली गेली : गोऱ्या पलटणींना नवे शस्त्र, हिंदी पलटणींना मागच्या पिढीचे. गोऱ्यांना स्नायडर मिळाली तेव्हा हिंदी शिपायाकडे जुनी एन्फिल्ड; गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी शिपायाला स्नायडर. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसावर परवान्याची सक्ती झाली, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती.

१७/ युद्ध आले की ही पायरी मोडावी लागे. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्या जवळच्या रायफली बदलून नव्या प्रकारच्या काडतुसांना जुळणाऱ्या रायफली देण्यात आल्या. या सैन्यात पुण्याजवळच्या खडकीत ठाणे असलेल्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. ऑक्टोबरच्या अखेरीस न्यूव्ह शापेल येथे त्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर गावात शिरल्या आणि त्यांची भयंकर हानी झाली. नवी रायफल परदेशी रणांगणावर, हातात येऊन जेमतेम काही आठवडे झालेली. हिंदी सैनिकाच्या पराक्रमाविषयी लिहिताना हा तपशील विसरता कामा नये.

१८/ युद्ध संपले आणि संशय परतला. १९२० नंतर इशापूरने जुन्या ली-एन्फिल्ड रायफलींचे रूपांतर करून ‘०.४१० मस्केट’ तयार केली. नळीतील खाचा काढून ती गुळगुळीत केलेली. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. काडतूसही वेगळे : ०.३०३ च्या काडतुसाची निमुळती मान सरळ करून बनवलेले. ही बंदूक पोलीस आणि तुरुंगांचे पहारेकरी यांच्यासाठी होती.

१९/ एवढा खटाटोप कशासाठी? बंदूक जमावाच्या हाती पडली तरी सैन्याची काडतुसे तिला चालू नयेत. चालवलीच तर दूरवर नेम लागू नये. आणि लागोपाठ दहा गोळ्या सुटू नयेत. म्हणजे जमावाविषयी तर अविश्वास होताच, शिवाय जिच्या खांद्यावर ती दिली त्या हिंदी पोलिसाविषयीही होता. खाचा काढण्याची ही युक्ती १८५७ नंतरच्या बंदुकीचीच, साठ वर्षांनी नव्याने वापरलेली. बाण आणि मुकुट मालकाचे नाव सांगतात, ‘०.४१०’ हा आकडा मालकाच्या मनातील भीती सांगतो. कॅनडाच्या ‘सी’ रायफलींच्या वंशावळीत या भीतीला जागा नाही.

२०/ या भीतीच्या काळातच सोलापूर पेटले. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली. गिरण्यांच्या या शहरात हरताळ, मिरवणुका, शिंदीची झाडे तोडण्याचा सत्याग्रह सुरू झाला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शंकर शिवदारे यांच्यासह अनेक जण बळी पडले. खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला केला, न्यायालयाची इमारत जाळली. पुढचे काही दिवस शहरावर सरकारची हुकमत उरली नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला.

२१/ मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. येरवडा आणि खडकी ही दोन्ही पुण्याच्या परिसरातली. खडकीत १८६९ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. त्याच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के. एफ.’, म्हणजे किर्की फॅक्टरी, ही अक्षरे आणि सालाचे आकडे असतात. साम्राज्याची काडतुसे भरणारे हात आणि साम्राज्याविरुद्ध उठलेले हात एकाच मराठी मुलखातले होते. पितळेवरच्या छापात पहिल्या हातांचेही नाव नाही.

२२/ येथे एक सावधगिरी. खूण खरी असली तरी ती ज्या भागावर आहे त्याच भागापुरती बोलते. समजा, एका रायफलीवर ‘एन्फिल्ड, १९१७’ असे आहे, पण नळीवर १९४३ साल आहे आणि बोल्टवरचा क्रमांक यंत्रणेशी जुळत नाही. मग ती ‘पहिल्या महायुद्धातील रायफल’ म्हणायची का? यंत्रणा तेवढी १९१७ ची. बाकीचे नंतर बसवलेले. ‘एफ. टी. आर.’ ही अक्षरे दिसली तर ती कारखान्यात संपूर्ण उलगडून दुरुस्त केलेली, असे समजावे. शेजारचे साल दुरुस्तीचे असते. बोल्ट प्रत्येक रायफलीला स्वतंत्रपणे बसवावा लागतो, म्हणून त्यावर तोच क्रमांक ठोकत. क्रमांक न जुळणे ही अदलाबदलीची खूण.

२३/ हीच शिस्त इतिहासाच्या इतर साधनांनाही लागू आहे. जीर्णोद्धार झालेल्या देवळातील शिलालेख सगळ्या देवळाचे वय सांगत नाही. नकललेल्या बखरीतील साल मूळ लेखनाचे असेलच असे नाही. विक्रीसाठी किंवा मिरवण्यासाठी खुणा खोट्याही ठोकल्या जातात. एका खुणेवर विसंबू नये; चार खुणा एकमेकींशी बोलतात का ते पाहावे आणि न बोलल्यास त्याचे कारण शोधावे. कित्येकदा ते कारणच खरी गोष्ट सांगून जाते.

२४/ १५ ऑगस्ट १९४७ नंतरही इशापूरची यंत्रे थांबली नाहीत. १९४८ मध्ये ब्रिटनच्या राजाने ‘भारताचा सम्राट’ ही पदवी सोडली आणि ‘जी. आर. आय.’ला अर्थ उरला नाही. मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, खाली ‘आर. एफ. आय.’, रायफल फॅक्टरी इशापूर. १९६२ च्या चीन युद्धानंतर तेथेच ली-एन्फिल्डची ७.६२ मिलिमीटर आवृत्ती, ‘२ ए’ आणि मग ‘२ ए १’, तयार झाली. लोखंडकाम तेच, कामगारांची वस्ती तीच. बदलला तो ‘कोणाचे आहे’ या प्रश्नाचा दोनशे वर्षे अडलेला जिवंत उत्तराचा भाग : सिंहांमागे आता मतदार होते.

२५/ ब्रिटिश सरकार एखादे शस्त्र सेवेतून काढून विकत असे, तेव्हा जुन्या बाणासमोर दुसरा उलटा बाण ठोकत. दोन टोके एकमेकांना भिडलेली दिसली की समजावे, सरकारचा हक्क संपला. देशावरचा हक्क असा एका ठोक्यात संपत नाही. त्यासाठी सोलापूरसारख्या शहरांना आपली माणसे द्यावी लागली. त्यांतील चौघांचे पुतळे आज शहरात उभे आहेत. कवायतीत हाती आलेल्या ‘डी. पी.’ रायफलीवर मुकुट आहे की सिंह, बाणाखाली अक्षर कोणते, साल कोणते, हे पुढच्या वेळी ‘विश्राम’च्या आदेशानंतर जरूर पाहावे.

(समाप्त)